पार्ट नंबर नसलेले सुटे भाग

जुन्या जीपच्या मॉडेलांमध्ये सीजे-३बी लांबूनही ओळखू येते, ती तिच्या उंच बॉनेटमुळे. आधीच्या चपट्या बॉनेटच्या विलीजशेजारी उभी केली की फरक डोळ्यांत भरतो. हा बदल कुणी शोभेसाठी केलेला नव्हता. १९५३ साली विलीज कंपनीने या गाडीत 'हरिकेन' इंजिन घातलं. क्षमता आधीच्या 'गो-डेव्हिल'इतकीच, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. पण हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले होते. त्याने ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेट आणि पुढची जाळीच वर घेतली. हीच उंच बॉनेटची जीप पुढे महिंद्राने परवाना घेऊन भारतात बनवली, आणि कालांतराने त्याच घराण्याच्या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. तिकडे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचीही तीच कथा. एवढ्या जड अंगाला अॅम्बेसेडरचं दीड लिटरचं इंजिन पुरं पडेना, तेव्हा इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आणि त्याच्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स आणावा लागला.

कंपनीला असे बदल झेपतात, कारण ती बॉनेटची डायच नवी करू शकते. आवारात जुनी जीप किंवा कॉन्टेसा उभी करून तिच्यात वेगळं इंजिन बसवू पाहणाऱ्याच्या हातात तो उपाय नसतो. गाडी तयार आहे, इंजिनही तयार आहे, आणि दोघांमधली जागा त्याला भरायची आहे. ती भरणारे भाग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. ते लेथवर, मिलिंग मशीनवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर करून घ्यावे लागतात. इंजिन कोणतं निवडलं यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते गाडी रस्त्यावर धावणार की गॅरेजात धूळ खात पडणार, हे या मधल्या भागांवर ठरतं. आणि त्या सगळ्या भागांचं मोजमाप एकाच रेषेपासून सुरू होतं, ती म्हणजे क्रँकशाफ्टच्या मध्यातून जाणारी रेषा.

कॉन्टेसासारख्या मोटारीत शहाणपणाचा मार्ग म्हणजे इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससकट आणणं. मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जुळणी कारखान्यातच झालेली असते, आपल्याला फक्त फाउंडेशन, प्रॉपेलर शाफ्ट आणि नळ्या बघायच्या उरतात. जीपमध्ये ही सोय नाही. तिथे पुढच्या चाकांना ताकद देणारा ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो. गिअरबॉक्स बदलला तर तोही गेला, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही प्रॉपेलर शाफ्टची ठिकाणं बदलली. म्हणून जीपवाले बहुतेक वेळा मूळ गिअरबॉक्स ठेवतात आणि नव्या इंजिनाला तो जोडण्यासाठी मध्ये एक अॅडाप्टर प्लेट करून घेतात. या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग तोच.

प्लेट दिसायला साधी असते. अॅल्युमिनियमचा नाहीतर लोखंडाचा जाड तुकडा, एका बाजूला इंजिनाच्या बोल्टची भोकं, दुसऱ्या बाजूला बेल हाउसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाची. पुठ्ठ्यावर छाप घेऊन भोकं पाडली की झालं, असं वाटतं, आणि इथेच बऱ्याच गाड्या बिघडतात. पुठ्ठा बाहेरच्या आकारासाठी ठीक आहे. पण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकातल्या छोट्या पायलट बुशमध्ये टेकतं, आणि शाफ्ट व क्रँक एकाच रेषेत फिरावे लागतात. ही रेषा किती अचूक हवी? क्रँकसोबत डायल गेज फिरवून बेल हाउसिंगचं मोठं भोक तपासलं, तर गेजच्या काट्याची एकूण हालचाल पाच हजारांश इंचाच्या, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी, असा गिअरबॉक्स उत्पादकांचा प्रचलित नियम आहे. दोन-तीन केसांच्या जाडीची ही गोष्ट. पुठ्ठा आणि सेंटर पंच यांच्या आवाक्यातली ती नाही.

चांगला टर्नर हे काम कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. बोल्टची भोकं तो मुद्दाम किंचित सैल ठेवतो. प्लेट आणि रिकामं बेल हाउसिंग इंजिनाला लावतो, बोल्ट हाताने आवळतो, पण पुरते कसत नाही. मग फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँड चिकटवून डायल गेजचं टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवतो. क्रँक हळूहळू हाताने फिरवली की टोक त्या कडेवरून गोल फिरतं आणि काटा पुढे-मागे होतो. काटा जिथे सर्वांत जास्त गेला तिथे खूण करायची, नायलॉनच्या हातोडीने प्लेट एक टिचकी सरकवायची, परत क्रँक फिरवायची. हे चालूच राहतं. मधूनमधून एखादा बोल्ट थोडा कसला की प्लेट पुन्हा हलते आणि मागची मेहनत वाया जाते. काटा जवळजवळ स्थिर झाला की सगळे बोल्ट कसायचे, पुन्हा एकदा तपासायचं, आणि आता प्लेट आहे त्याच जागेवर असताना डॉवेल पिनांची भोकं आरपार पाडून रीमरने साफ करायची. इथून पुढे प्लेट कितीही वेळा उघडली तरी पिनांमुळे ती त्याच जागी बसते. बोल्ट फक्त आवळून धरतात. जागा दाखवतात त्या पिना, आणि पिनांशिवायची अॅडाप्टर प्लेट कुणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नये.

काट्याच्या वाचनाचा एक हिशोब नवख्यांचा हमखास चुकतो. काटा एकूण चौदा हजारांश फिरला तर केंद्र सातच हजारांश सरकलेलं असतं, कारण एका बाजूला जेवढं वाढतं तेवढंच समोरच्या बाजूला कमी होतं. पिनांची भोकं आधीच पडलेली असतील तर अमेरिकेत सात, चौदा आणि एकवीस हजारांश इंच सरकवणाऱ्या, म्हणजे मधून वाकड्या केंद्राच्या तयार पिना मिळतात. त्या फिरवून केंद्र जागेवर आणता येतं. आपल्याकडे तशी पिन कोणताही बरा टर्नर लेथवर करून देतो, फक्त त्याला नेमका आकडा सांगावा लागतो. भोक केंद्रात आल्यावर बेल हाउसिंगचा मागचा सपाट चेहराही डायलने तपासायचा, कारण केंद्र जुळूनही तो तिरका असू शकतो.

रेषा चुकली तर गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक फसवी आहे. सुरुवातीला सगळं ठीक चालतं. मग पायलट बुश एका बाजूने खाल्ला जातो, क्लच पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो, टॉप गिअर भार सोडताच सुटू लागतो, आणि शेवटी क्लच प्लेटचा मधला हब तडकतो. दोष क्लच प्लेटच्या माथी मारला जातो. नवी प्लेट येते, तीही तशीच जाते.

प्लेटची जाडी हाही वेगळा विचार करण्याचा विषय. बारा मिलिमीटर जाडीची प्लेट मध्ये आली की गिअरबॉक्स बारा मिलिमीटर मागे गेला, आणि इनपुट शाफ्टचं टोक क्रँकपासून तेवढंच दूर झालं. मग बुश लांब नाकाचा करावा लागतो. क्लच प्लेट शाफ्टच्या दातांवर पुरेशी बसते का ते बघावं लागतं. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंत पोचतं का, आणि स्टार्टर बेल हाउसिंगवर असेल तर त्याची पिनियन रिंग गिअरवर बरोबर येते का, हेही आलंच. हे चारही आकडे कागदावर मांडून मगच जाडी ठरवायची. बुश फॉस्फर ब्रॉन्झचा किंवा तेल मुरवलेल्या सिंटर्ड ब्रॉन्झचा करावा. साध्या लोखंडाचा बुश शाफ्टचं टोकच खाऊन टाकतो.

आता फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्यांच्या आधाराने बसतं ते कंस आणि रबर. इथे लोक इंजिनाचं वजन मोजतात आणि त्या हिशोबाने लोखंड लावतात. वजन हा भाराचा एकच भाग झाला. इंजिन शाफ्टला एका दिशेने पिळतं तेव्हा शाफ्ट इंजिन-गिअरबॉक्सच्या सबंध जुडग्याला उलट दिशेने तेवढंच पिळतो, आणि हा पीळ गिअरने वाढलेला असतो. जीपचंच उदाहरण घेऊ. इंजिनाचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर धरा. मूळ टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८ पटीचा, म्हणजे पीळ झाला ३३६. आता चिखलात लो रेंज टाकली. ट्रान्सफर केसचं प्रमाण २.४६, म्हणजे ८२६ न्यूटन-मीटर. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेला असल्यामुळे हा सगळा पीळ फाउंडेशनवर येतो. दोन बाजूंचे आधार अर्धा मीटर अंतरावर असतील तर एका बाजूला सुमारे १७० किलोचा भार खाली दाबतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच वर उचलतो. गाडी दगडावर अडकून क्लच एकदम सुटला तर क्षणभर याहूनही जास्त. म्हणून रबर फक्त वरून दाबलेलं असून चालत नाही. नळीत बसवलेलं, मधून बोल्ट गेलेलं रबर वापरावं, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन निसटत नाही.

आधार तीन ठेवावेत, दोन पुढे आणि एक मागे. जीपची चेसिस खडबडीत रस्त्यावर चांगलीच पिळते. चार घट्ट आधार दिले तर तो पीळ इंजिनाच्या ब्लॉकमध्ये शिरतो आणि ब्लॉकचा कान तुटतो. ओतीव लोखंडाचा तो कान नंतर वेल्ड करून पूर्वीसारखा होत नाही.

फाउंडेशनचे कंस आधी करून त्यावर इंजिन बसवायचं नसतं. क्रम उलटा आहे. इंजिन साखळीच्या कप्पीवर टांगायचं, गाडीत उतरवायचं, खाली लाकडाचे ठोकळे द्यायचे. रेडिएटर जागेवर, बॉनेट लावलेलं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलेलं. पुढचा ॲक्सल पाट्यांवर वर आला तर इंजिनाच्या तळाच्या चेंबरला कुठे लागेल, तेही जॅक लावून बघितलेलं. इंजिनाची जागा अशी नक्की झाली की मग पुठ्ठ्याचे कंस कापून बसवायचे आणि पुठ्ठ्यावरून लोखंड कापायचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत आता लेझर कटिंगची कामं सहज होतात. पुठ्ठ्याचा आकार संगणकावर उतरवून दिला की सहा मिलिमीटरची प्लेट कडा साफ होऊन मिळते. पण वेल्डिंगची घाई नको. आधी फक्त टाके मारायचे, इंजिन पुन्हा उतरवून बघायचं, आणि पूर्ण सीओटू वेल्डिंग कंस बाहेर काढून, जाड फळीवर बोल्टने आवळून करायचं. वेल्ड गार होताना आखडतो आणि मोकळा कंस ओढून वाकडा करतो. चेसिसच्या चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर भोकं पाडू नयेत, आडवा वेल्डही मारू नये. गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या पट्ट्यांवर असतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. भोकं पाडायचीच तर मधल्या उभ्या भागात पाडावीत.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, जीपमध्ये बहुतेक वेळा कापावं लागतं, कारण त्याच्या खालीच पुढचा ॲक्सल असतो. भांडं एका बाजूने उथळ केलं तर दुसऱ्या बाजूने रुंद करून तेलाची मूळ मात्रा कायम ठेवायची, आणि तेल ओढणारी जाळी नव्या तळाच्या अगदी जवळ आणायची, तळाला टेकवायची मात्र नाही. वेल्ड तपासण्याची जुनी पद्धत मला आजही सर्वांत आवडते. बाहेरून वेल्डवर खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचा, आणि आतून रॉकेल ओतून थांबायचं. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. डाग दिसला तिथे घासायचं, पुन्हा वेल्ड, पुन्हा खडू. रॉकेल ओतलेल्या भांड्यावर वेल्डिंगची टॉर्च धरण्याआधी ते धुऊन पूर्ण कोरडं करायलाच हवं.

प्रॉपेलर शाफ्टकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि गाडी साठच्या पुढे थरथरू लागली की टायरचं बॅलन्सिंग केलं जातं. दोष कोनात असतो. शाफ्टच्या टोकाला असलेला क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा तो किंचित पुढे जातो आणि दोनदा मागे पडतो. कोन दहा अंश असेल तर हा चढ-उतार दीड टक्क्याचा, वीस अंश असेल तर सहा टक्क्यांचा. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच चढ-उतार उलटा करून काढून टाकतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत. गिअरबॉक्सकडची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा समांतर हव्यात, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एकाच पातळीत हवेत. नवं इंजिन बसवताना मागची बाजू दोन बोटं खाली-वर झाली की पहिली अट मोडते. दोन भाग जोडलेला शाफ्ट खोलून एक दात चुकवून परत बसवला की दुसरी मोडते. कोन अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डा पाडतात.

सीजे-३बीच्या दोन ॲक्सलांमधलं अंतर अवघं ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. मागचा शाफ्ट आधीच आखूड. इंजिन दोन इंच मागे सरकवलं तर शाफ्ट तेवढा आणखी कापावा लागतो आणि कोन वाढतो. त्यामुळे रेडिएटरकडे जागा कमी पडते म्हणून इंजिन मागे ढकलण्यापेक्षा पातळ पंखा किंवा बाजूला सरकवलेला रेडिएटर बघावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. शाफ्ट कापून वेल्ड केला की तो बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घेणं आलंच.

सायलेन्सरची नळी, रेडिएटरचे होज, वायरिंग हे सगळं वेळखाऊ आहे, पण त्यात मुळातली अडचण फारशी नाही. एक्झॉस्टचा फ्लँज वेल्ड करताना तो इंजिनाला किंवा जाड प्लेटला आवळून ठेवावा, नाहीतर वाकतो आणि गॅस्केट फुंकतं. आणि मॅनिफोल्डनंतर एक लवचिक तुकडा द्यावा, कारण रबरावर बसलेलं इंजिन हलतं आणि कडक नळी तडकते.

ब्रेकविषयी मात्र थांबून बोललं पाहिजे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि बूस्टर नाही. जास्त वेगाचं इंजिन बसवायचं तर बूस्टर लावावासा वाटतो, आणि पेट्रोल इंजिनात तो इनटेकच्या व्हॅक्युमवर चालतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्युम मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल इंजिनांवर तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. इंजिन खरेदी करताना तो अल्टरनेटर सोबत आला की नाही, हे तपासून घ्या.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम तितक्याच काटेकोरपणे लावलं. वेगळ्या इंधनावर किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट कायद्यात आहे. ती मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर विम्याचा दावा अडवायला पुरेसा ठरू शकतो. त्यामुळे इंजिनाचा बयाणा देण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारणा करा. शेतात किंवा बंद ट्रॅकवरच चालवायची गाडी असेल तरीही ब्रेक, फाउंडेशन आणि शाफ्ट यांना कुठलीही सूट नाही.

शेवटची विनंती. जो भाग करून घ्याल त्याचा कागदावर आराखडा काढा. प्लेटची जाडी, पायलट बुशचं आतलं-बाहेरचं माप, क्लच प्लेट कोणत्या गाडीची आणि किती दातांची, रिलीज बेअरिंगचा नंबर, शाफ्टची क्रॉस ते क्रॉस लांबी, फाउंडेशनचं रबर कुठल्या गाडीचं, सगळं त्यात लिहा आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. दहा वर्षांनी बुश झिजेल तेव्हा समोर वेगळा मिस्त्री असेल, आणि त्याला दुसरीकडून माहिती मिळण्याची सोय नाही.